मेंदूचा तट आणि आपले ताट

वाचकहो, घरात सत्तरी ओलांडलेले माणूस असले की औषधांच्या डब्यात दोन प्रकारच्या वस्तू हमखास आढळतात. पहिला प्रकार डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा. त्या आपण काहीशा नाइलाजाने, पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकतो. दुसरा प्रकार कुणीतरी प्रेमाने आणून दिलेल्या बाटल्यांचा. त्यांतील कॅप्सूल मात्र आपण श्रद्धेने घेतो. या बाटल्यांवर अलीकडे एक शब्द ठळकपणे छापलेला असतो : अँटिऑक्सिडंट. तो वाचला की मनाला धीर येतो. शरीरात काहीतरी गंजत चालले आहे आणि ही कॅप्सूल तो गंज थांबवणार आहे, असे वाटू लागते.

ज्या घरात अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा विकार आहे, तेथे हा धीर अधिकच हवासा वाटतो. प्रत्येक झटक्यानंतर घरच्यांच्या मनात एकच विचार येतो, की याने मेंदूला किती इजा झाली असेल आणि ती टाळण्यासाठी आपल्याला आणखी काय करता येईल? हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्याही घरात आहे. माझे यजमान आज ७८ वर्षांचे आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांना सौम्य पक्षाघात झाला. उजवा हात महिनाभरात सुधारला, वाचाही पूर्ववत झाली. आठ महिन्यांनी, ध्यानीमनी नसताना, दुपारी जेवताना त्यांना पहिली फिट आली. पक्षाघातानंतर असे होऊ शकते आणि उतारवयात प्रथमच सुरू होणाऱ्या अपस्माराचे ते एक प्रमुख कारण आहे, हे आम्हांला तेव्हा कळले.

मी ३० वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे ऑक्सिडीकरण हा शब्द मला परका नव्हता. परका होता तो हा आजार. जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि घरात जे अनुभवले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न उभा असेल.

तटाचा शोध

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. एवढे रक्त मेंदूत सतत खेळत असूनही रक्तातील प्रत्येक पदार्थ मेंदूच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. हे प्रथम लक्षात आले ते रंगांमुळे. जर्मन वैद्यक पाउल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचून पाहिली. यकृत, मूत्रपिंडे, स्नायू असे सारे अवयव रंगले. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र कोरे राहिले. मेंदूला हा रंग धरतच नसावा, असा त्यांचा समज झाला. पुढे १९१३ साली त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. याचा अर्थ रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे उभे होते.

ते नेमके काय आहे, हे १९६७ साली रीस आणि कार्नोव्हस्की या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूत दाखवून दिले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात, की त्यांच्या फटींतून सहसा काही झिरपत नाही. डॉक्टर याला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात; शब्दशः रक्त-मेंदू अडसर. मी सोयीसाठी त्याला तट म्हणते. या तटाला वेशी आहेत. ऑक्सिजन आत जातो, साखर ठरलेल्या मार्गाने आत नेली जाते; रक्तातील मोठी प्रथिने, अनेक विषारी द्रव्ये आणि बहुतेक औषधेसुद्धा बाहेर थोपवली जातात.

हा तट दगडमातीचा नाही, जिवंत पेशींचा आहे, हे आपण विसरता कामा नये. अस्तराच्या पेशींना बाहेरून आधार देणाऱ्या इतर पेशी असतात आणि त्या सर्वांना नित्य अन्न, ऑक्सिजन व डागडुजी लागते. वयानुसार हा तट काही ठिकाणी विरळ होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एमआरआय अभ्यासात, स्मृतीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागात वाढत्या वयाबरोबर तटाची गळती वाढत असल्याचे दिसले. वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब, मधुमेह आणि पक्षाघात यांनीही त्याला इजा पोहोचते. म्हणजे वृद्ध माणसाला फिट येते, तेव्हा ती बहुधा आधीच झिजलेल्या तटावर येते.

फिट येते तेव्हा

एरवी मेंदूतील पेशी आपापल्या वेळी, आपापल्या कामापुरते विद्युतसंदेश सोडतात. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात. त्या क्षणी रक्तदाब एकाएकी चढतो आणि केशवाहिन्यांवर आतून ताण येतो. अतिश्रमाने पेटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य प्रमाणाबाहेर सुटते. पेशींमधील ऊर्जाकेंद्रांवर भार पडतो आणि तेथे फ्री रॅडिकल्स, म्हणजे ऑक्सिजनचे अतिशय चंचल व चावरे कण, मोठ्या संख्येने तयार होतात. ते पेशींच्या आवरणांवर आणि तटाच्या सांध्यांवर हल्ला करतात. याच गडबडीत काही विकरे जागी होतात आणि तटाची शिवण आणखी उसवतात.

शिवण उसवली की रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत शिरते. रक्तात ते आपले नित्याचे काम करीत असते. मेंदूच्या पेशींसाठी मात्र ते आगंतुक आहे. २००७ साली 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरचे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. अपस्मार असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या ऊतीत असे शिरलेले अल्ब्युमिन आढळले. उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की हे अल्ब्युमिन आधारपेशींमध्ये जाते, मग त्या पेशी भोवतालचे पोटॅशियम नीट आवरू शकत नाहीत आणि शेजारच्या पेशी सहज उत्तेजित होऊ लागतात. फिटमुळे गळती आणि गळतीमुळे पुढच्या फिटला अनुकूल भूमी, असे हे चक्र आहे.

हे वाचून घाबरून जाऊ नका. एखाद्या लहानशा झटक्यानंतरची गळती बहुधा तात्पुरती असते आणि शरीर ती दुरुस्त करते. खरा धोका लांबलेल्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या झटक्यांचा आहे. पुढे जे सांगायचे आहे, त्याचा पाया हाच आहे.

खवट शेंगदाण्यांचा धडा

वर्गात अँटिऑक्सिडंट शिकवताना मी शेंगदाण्यांचे उदाहरण देत असे. पावसाळ्यात डब्यात राहिलेले शेंगदाणे खवट होतात, कारण त्यांच्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. ही क्रिया साखळीने चालते. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. ई जीवनसत्त्व या साखळीत मध्ये येते, स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकते आणि साखळी तोडते. असे खर्ची पडलेले ई जीवनसत्त्व पुन्हा कामाला जुंपण्याचे काम सी जीवनसत्त्व करते. मेंदूत स्निग्ध द्रव्यांचे प्रमाण मोठे आहे आणि ऑक्सिजनचा वापरही मोठा आहे. त्यामुळे खवटपणाचा हा धोका त्याला इतर अवयवांपेक्षा अधिक.

परंतु निसर्गाने मेंदूला निःशस्त्र ठेवलेले नाही. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य शरीर स्वतः तयार करते. फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर शरीरात असते, हे मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. सी जीवनसत्त्व तर मेंदू रक्तापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात स्वतःजवळ साठवून ठेवतो. दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हे चंचल कण निव्वळ शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी त्यांचाच वापर करतात आणि पेशी परस्परांना निरोप देतानाही त्यांची मदत घेतात. म्हणून अँटिऑक्सिडंट जितके अधिक तितके चांगले, हा हिशेब शरीरात लागू पडत नाही.

प्रयोगशाळेतला उंदीर आणि घरातला वृद्ध

बाटलीवरील आश्वासनांना काहीच आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उंदरांना औषध देऊन कृत्रिम फिट आणायची, रक्तात निळा रंग टोचायचा आणि मेंदूत तो किती उतरला ते मोजायचे, असे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत. एर्लिख यांचीच युक्ती शंभर वर्षांनी अशी उपयोगी पडली. ई जीवनसत्त्व, सेलेनियम, मेलॅटोनिन, हळदीतील कर्क्युमिन अशा द्रव्यांनी उंदरांच्या मेंदूला काही प्रमाणात संरक्षण मिळाल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध आहेत.

पण तो उंदीर कोण आहे, हे पाहावे. तो तरुण आहे, निरोगी आहे, त्याला रक्तदाब नाही, तो रोज सहा गोळ्या घेत नाही. त्याला द्रव्य दिले जाते ते बहुधा फिट आणण्याच्या आधी, वजनाच्या मानाने मोठ्या मात्रेत आणि पुष्कळदा इंजेक्शनने. आपल्या घरातील ७८ वर्षांच्या माणसाशी त्याची तुलना कशी व्हावी? अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सुलींनी माणसाच्या मेंदूचा तट फिटमध्ये राखला जातो, असे मोठ्या चाचण्यांतून आजवर सिद्ध झालेले नाही, आणि अपस्मारावरील नियमित उपचारांत त्यांना स्थान मिळालेले नाही.

मोठ्या मात्रेचे काय होते, हे मात्र इतर रोगांसाठी झालेल्या चाचण्यांनी दाखवले आहे. उंदरांना ज्यांनी लाभ दिला, त्याच ई जीवनसत्त्वाची व सेलेनियमची अमेरिका-कॅनडात ३५,००० हून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. हेतू होता पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग टाळण्याचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत त्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. त्याआधी १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. गाजरातून मिळणारे बीटा-कॅरोटीन आणि गोळीतून मिळणारे बीटा-कॅरोटीन यांचे परिणाम सारखेच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

आमच्या घरातील बाटली

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझा पुतण्या बंगळूरहून आला. काकांचा आजार त्याने फार मनाला लावून घेतला होता. येताना तो हळदीच्या अर्काच्या कॅप्सुलींच्या मोठ्या बाटल्या घेऊन आला. शरीरात हळद नीट शोषली जावी म्हणून त्यांत मिरीचा अर्कही होता. यजमानांना तेव्हा फेनिटॉइन ही अपस्मारावरील गोळी चालू होती. पुतण्याच्या शब्दाखातर त्यांनी कॅप्सूलही सुरू केल्या.

महिनाभरात त्यांचा चालताना तोल जाऊ लागला. बोलणे जड झाले, दिवसाही गुंगी असे. त्यांनी मनाशी निदान करून टाकले, की दोष त्या गोळीचा आहे. "हळद काय, आपल्या घरचीच आहे. झिंग आणते ती ही इंग्रजी गोळी," असे ते म्हणाले. डॉक्टरांकडे जायचे ठरले होते, पण भेटीची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. मधल्या दोन रात्री त्यांनी गोळी घेतल्याचे सांगितले आणि प्रत्यक्षात उशीखाली ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना फिट आली. मी त्यांना कुशीवर वळवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दोन मिनिटे झाली, तीन झाली, पाच झाली. शेजाऱ्यांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली. झटका थांबला तेव्हा सात मिनिटे होऊन गेली होती. पुढचे दोन दिवस ते मला अक्का म्हणून हाक मारीत होते. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण; तिला जाऊन वीस वर्षे झाली.

मेंदूविकारतज्ज्ञांनी मला एकच काम सांगितले. "काकू, घरात औषध म्हणून जे जे घेतले जाते ते सगळे एका पिशवीत घालून आणा. पूड, काढा, तेल, काहीही वगळू नका." बाटलीवरील घटक वाचून त्यांनी समजावले, की मिरीतील पायपरिन हे द्रव्य हळदीबरोबर इतर औषधांचेही शोषण वाढवते, आणि फेनिटॉइनचे शोषण त्याने वाढते हे माणसांवरील अभ्यासांत दिसले आहे. फेनिटॉइनचा स्वभाव असा, की विशिष्ट मर्यादेनंतर मात्रा थोडी जरी वाढली, तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते. मग तोल जातो, गुंगी येते, जीभ जड होते. "फक्त कॅप्सुलीमुळेच झाले असे मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण हे एक कारण असू शकते. आणि फिट आली ती गोळ्या चुकल्यामुळे." जेवणाच्या फोडणीतल्या मिरी-हळदीबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. प्रश्न होता तो अर्काच्या मात्रेचा.

वाचकहो, यातली विसंगती पाहा. मेंदूच्या रक्षणासाठी म्हणून बाटली घरात आली. तिच्यावरचा विश्वास वाढला, गोळीवरचा उडाला, आणि त्यातून ती सात मिनिटे ओढवली. त्या सात मिनिटांत तटावर जो आघात झाला असेल, तो भरून काढणे कोणत्याही कॅप्सुलीच्या आवाक्यात नव्हते.

पुढे मूत्रपिंडांची तपासणी करून यजमानांना लेव्हेटिरासिटाम हे दुसरे औषध सुरू केले. इतर औषधांशी त्याचा संघर्ष कमी होतो. मात्र ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने वृद्धांमध्ये मात्रा जपून ठरवावी लागते, आणि काहींना चिडचिड होते, तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी लागते. पुतण्याला मी फोनवर सारे सांगितले. तो हळहळला. त्याचे प्रेम खोटे नव्हते. अशा बाटल्या बहुधा प्रेमापोटीच आपल्या घरी येतात. म्हणून त्यांना नकार देणे जड जाते.

अशाच आणखी काही जोड्या माहीत असाव्यात. फॉलिक आम्ल किंवा बी-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतल्यास फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटू शकते. ग्रेपफ्रूट या फळाने कार्बामाझेपिनचे प्रमाण वाढते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. गिंकोच्या गोळ्या अपस्माराच्या रुग्णांनी टाळाव्यात. कापूर पोटात गेल्यास फिट येऊ शकते, म्हणून कापूर घातलेले घरगुती उपाय पोटात घेऊ नयेत. घटक न छापलेली पुडी कितीही नावाजलेली असली, तरी ती देऊ नये.

तट राखणारे खरे उपाय

तटाला सर्वांत मोठी इजा लांबलेल्या फिटमुळे होते, हे एकदा मान्य केले, की उपायांचा क्रम आपोआप लागतो. सर्वांत वर येते ती वेळेवर घेतलेली गोळी. अपस्मारावरचे औषध मनाने कधीही एकदम थांबवू नये. गोळीने गुंगी येते, तोल जातो, भूक मंदावते, अशी तक्रार असेल तर ती खरी मानावी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. वृद्ध माणूस गोळी लपवतो तेव्हा त्याच्या अंगाला काहीतरी सोसवत नसते. ते विचारून घ्यावे. आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा भरून ठेवणे आणि गोळी आपल्यासमोर गिळली जाते हे पाहणे, एवढे आम्ही आता कटाक्षाने करतो. एखादी मात्रा चुकली किंवा गोळीनंतर उलटी झाली तर काय करायचे, हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

दुसरा उपाय पाच मिनिटांचा. फिट येताच घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, चष्मा काढावा, गळ्याजवळचे बटण सैल करावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवण्याने फिट थांबत नाही; झटका आपल्या गतीने ओसरतो आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. फिट आयुष्यात प्रथमच आली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा श्वास नीट चालत नसेल, तर पाच मिनिटेही थांबू नये. फिट थांबवण्यासाठी नाकात फवारण्याचे मिडाझोलाम मिळते. आपल्या रुग्णासाठी ते योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे आणि असल्यास वापरण्याची रीत शिकून घ्यावी. आमच्या घरी ते आता देवघराशेजारच्या फळीवर असते आणि त्याची जागा शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे.

तिसरा उपाय रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवण्याचा. यावर इतके लिहिले गेले आहे की मी पुनरुक्ती करीत नाही. फक्त हे दोन्ही तटाचे जुने वैरी आहेत, एवढे लक्षात असू द्यावे. चौथा झोपेचा. रात्रभराच्या जागरणाने पुष्कळांना फिट येते. लग्नकार्य असो की प्रवास, वृद्धांची झोप मोडू नये. पाचवा उपाय इतर औषधांवर नजर ठेवण्याचा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटू शकते आणि घटलेले सोडियम फिटला आमंत्रण देते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि काही अँटिबायोटिक्स यांनीही धोका वाढतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांपासून हाडांच्या डॉक्टरांपर्यंत, प्रत्येकाला अपस्माराची कल्पना द्यावी.

आणखी एक गोष्ट. उतारवयात प्रत्येक फिट हातपाय झाडणारी नसते. बोलता बोलता माणूस शून्यात पाहू लागतो, ओठ चघळल्यासारखे करतो, अर्धा तास गोंधळल्यासारखा वागतो आणि घरचे म्हणतात, वयोमानाने होत असेल. असे वरचेवर झाले तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे.

ताटात काय असावे

मग अँटिऑक्सिडंट नकोतच का? अवश्य हवेत, पण ताटातून. तेथे ते एकेकटे येत नाहीत. परस्परांना सांभाळीत, शरीराला पेलेल अशा मात्रेत येतात. आपल्या स्वयंपाकघरात त्यांची वाण नाही. सी जीवनसत्त्वासाठी आवळा आणि पेरू आहेत. पेरूत ते संत्र्यापेक्षा अधिक असते. ई जीवनसत्त्वासाठी ताजे शेंगदाणे आणि सूर्यफुलाचे तेल आहे. मेथी, चाकवत, शेवग्याची पाने, कढीपत्ता, टोमॅटो, गाजर, जांभूळ, आमसूल, नाचणी, ज्वारी, सालीसकटच्या डाळी यांतूनही विविध प्रकारची संरक्षक द्रव्ये मिळतात. फोडणीतली चिमूटभर हळद आहेच.

वृद्धांसाठी थोडी काळजी घ्यावी. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर दाणे अख्खे न देता बारीक कूट करून आमटीत किंवा कोशिंबिरीत मिसळावेत. पेरूच्या बिया काढून गर द्यावा. वॉर्फरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करण्याची गरज नाही, रोजचे प्रमाण मात्र सारखे ठेवावे. मूत्रपिंडे अशक्त असतील तर फळभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. फेनिटॉइनसारखी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांची हाडे विरळ होतात. त्यांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. बाटलीतले जीवनसत्त्व मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. तपासणीत कमतरता आढळली आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवली, तर ते औषधच होय.

शिवाय शरीराची स्वतःची संरक्षक विकरे बळकट करणारा एक बिनखर्ची उपाय आहे, तो म्हणजे झेपेल तेवढे रोजचे चालणे. आणि फ्री रॅडिकल्स वाढवणाऱ्या सवयी सोडाव्यात. विडी-सिगारेट, तंबाखू आणि जुन्या पिढीतील स्त्रियांची मिश्री या सवयी चालू ठेवून बाटलीतले अँटिऑक्सिडंट घेणे म्हणजे एका हाताने लिंपायचे आणि दुसऱ्या हाताने उकरायचे.

वाचकहो, आपल्यापैकी जे आजारी माणसाची सेवा करीत आहेत, त्यांना अखेरीस एवढेच सांगावेसे वाटते. आणखी काहीतरी करायला हवे, ही आपल्या मनातील तळमळ मला परिचित आहे. तिचा उपयोग करून घ्या. आजच औषधांचा डबा रिकामा करा आणि आतल्या प्रत्येक वस्तूचे नाव, मात्रा व वेळ एका कागदावर लिहा. गोळ्या, कॅप्सूल, चूर्ण, काढा, सारे लिहा. पुढच्या भेटीला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि यातले काय हवे, काय नको, ते विचारा. मागच्या खोलीत, उशाशी किंवा जेवणाच्या टेबलाजवळ, जेथे आपला माणूस अधिक वेळ असतो तेथे ठळक आकड्यांचे घड्याळ लावा. आपली स्वतःची झोपही जपा, कारण पहाटेच्या त्या पाच मिनिटांत शांतपणे घड्याळ पाहू शकणारे माणूस घरात असणे, याहून मोठे संरक्षण त्या तटाला दुसरे नाही.